सुटे कान आणि हिरवा चुडा

पनवेलच्या एका जिमवाल्याने मला एकदा फोन करून विचारलं होतं, "ताई, तुमच्याकडे ह्यूमन प्रोटीन मिळतं ना? एकदम ओरिजिनल? पोरांसाठी मोठा डबा पाहिजे."

मी म्हटलं, "भाऊ, आमच्याकडचं प्रोटीन कुपीच्या तळाला दिसतसुद्धा नाही, एवढं कमी असतं. आणि ते खायचं नसतं."

"मग करायचं काय त्याचं?"

प्रश्न काही चुकीचा नव्हता. हाच प्रश्न मला माझ्या आईने विचारलाय, बाबांनी विचारलाय, आणि मुलाच्या शाळेत पालकसभेला शेजारी बसलेल्या बाईनेही विचारलाय. तोंडाला येईल ते सांगून मी वेळ मारून न्यायची. शेजारणीला तर मी औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे असंच कित्येक वर्षं वाटत होतं, आणि मीही ते वाटू दिलं. आता नोकरी संपली. संपादकांनी विचारलं, तर म्हटलं, एकदाचं खरं उत्तर लिहून टाकू.

आम्ही कान बनवायचो.

आपल्या शरीरातल्या पेशी एकमेकींना हाका मारत असतात. कुठे जखम झाली, जंतू शिरला, की तिथली पेशी एक रेणू सोडते. ही झाली हाक. शास्त्रात तिला सायटोकाइन म्हणतात. पण हाक मारून काय उपयोग, ऐकणाऱ्याला कान पाहिजे. ज्या पेशीला ती ऐकायची असते तिच्या अंगावर बरोबर त्या हाकेपुरता एक कान असतो, त्याला रिसेप्टर म्हणतात. प्रत्येक हाकेचा कान वेगळा. आमची ख्याती होती ती इंटरल्युकिन-सहा नावाच्या हाकेच्या कानाबद्दल. तो पेशीपासून सुटा करायचा, शुद्ध करायचा, कुपीत भरून गोठवायचा आणि संशोधन करणाऱ्यांना पाठवायचा, हा आमचा धंदा.

आता हा कान कुणा माणसाचा कापून आणत नाहीत, हे आधी सांगते, कारण माझ्या एका मावसबहिणीने खरंच तसं समजून माझ्या हातचा चहा घ्यायचं टाळलं होतं. माणसाच्या जनुकात तो कान कसा बनवायचा याची कृती असते. तेवढीच कृती घेऊन प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशींत घालायची. त्या आपल्या बिचाऱ्या मुकाट्याने तो बनवतात आणि भोवतालच्या रश्श्यात सोडतात. एकाची पाककृती, दुसऱ्याचं स्वयंपाकघर. रिकॉम्बिनंट या भारदस्त शब्दाचा अर्थ एवढाच. मग तो रस्सा गाळायचा, नळीत भरलेल्या बारीक मण्यांमधून सोडायचा. आपला कान मण्यांना चिकटून राहतो, बाकीचं वाहून जातं. नंतर मिठाचं पाणी हळूहळू वाढवत नेलं की कान सुटून खाली येतो.

सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे घडी. प्रथिन ही एक लांब माळ असते आणि ती ठरलेल्या पद्धतीने मुडपली तरच तिचा कान होतो. घडी बिघडली तर वस्तू तीच, वजन तेच, पण ती हाक पकडणार नाही. एकदा गोठवलेली कुपी वितळवून पुन्हा गोठवली तरी घडी बिघडायची. तरी फोन यायचे, "तुमचं प्रोटीन मेलेलं आहे." मी विचारायची, "कुठे ठेवलं होतं?" फ्रिजच्या दारात, सरबताच्या बाटलीशेजारी, असं उत्तर देणारे मोठमोठे डॉक्टर मी ऐकले आहेत. ओरडायची सोय नाही, गिऱ्हाईक ना ते.

आणि प्रत्येक कुपीवर एक ओळ छापलेली असे: फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. ती चिकटवताना सुरुवातीला मी वाचायची. मग वाचणं बंद झालं. पुढे आईमुळे परत वाचायला लागले.

पनवेलजवळच्या औद्योगिक वसाहतीत दोन गाळे घेऊन करंदीकर सरांनी ही प्रयोगशाळा काढली होती. परदेशात शिकलेला माणूस, पण चहा बशीतूनच प्यायचा. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन, लग्न होऊन नुकतीच पनवेलला आलेली. सर मला पहिलं वाक्य काय बोलले असतील? "कुंदाताई, बांगड्या काढा."

पेशींच्या कामात हातांत काही चालत नाही. बांगडीच्या खाली धूळ बसते, काच पिचली तर हातमोजा फाटतो, आणि एक जंतू आत गेला तर सगळी मेहनत पाण्यात. मला ते पटलं. मी लग्नातला हिरवा चुडा साबण लावून उतरवला आणि कपाटात ठेवला. हात मुडपायचा, अंगठा तळव्यात घ्यायचा, की बांगडी सुळकन येते. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

आई गावाहून आली ती दारातच थबकली. आमचं गाव उरणच्या रस्त्याला, खाडीकाठी. बाबा मिठागरावर, आई तिथेच डोक्यावरून मीठ वाहायची. तिने माझी दोन्ही मनगटं धरून उलटीसुलटी केली.

"बाय, हातांत काय नाय तुज्या? जावई जिता हाय ना?"

"अगं आई, काम तसं आहे."

"असलं कसलं काम? आमी मीठ वायलं, चिखल तुडवला, पन चुडा हातांतच व्हता."

बाबांचं दुखणं वेगळंच होतं. आमच्याकडे मीठ बाटलीतलं येतं, विकत, हे ऐकून त्यांचा जीव वरखाली झाला. "मिठागराची पोर आन मीठ इकत आनतंस?" पुढच्या खेपेला ते फडक्यात मिठाची पुरचुंडी बांधून घेऊन आले. "तुज्या सायबाला सांग, आमच्या मिठात खोट नाय." सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, घरी नेली आणि कैरीचं लोणचं घालून त्यातली बरणी बाबांना पाठवली. ते मिठागर आता भरावाखाली गेलं, त्यावरून न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर धावतात. बाबा अजून त्या लोणच्याची आठवण काढतात.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात आईने शेवटचा चुडा भरला. आमच्यात लग्नघरातल्या सगळ्या सवाष्णी हळदीच्या आदल्या दिवशी हिरवा चुडा भरतात. त्या वेळीच कासारीण हसीनाबी म्हणाली होती, "मावशी, हाताला सूज कशाची?" वर्षभरात आईची बोटं सांध्यांशी गाठाळली, मग एका बाजूला कलली. संधिवात. सकाळी तिला तांब्या धरवेना. औषधं चालू झाली, कमीजास्त होत राहिलं, पण हात मुडपायचा बंद झाला. म्हणजे फुटलेल्या बांगडीच्या जागी नवी चढणार नव्हती.

तेव्हापासून आई त्या बांगड्यांना जपायला लागली. भांड्याला हात लावताना मनगट वर धरायची. तरी काच ती काच. दर थोड्या दिवसांनी भावाचा फोन यायचा, "आज एक वाढली." बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही. शेवटची वाढली त्या दिवशी आई जेवली नाही. सोन्याच्या पाटल्या होत्या, फिरकीच्या, कुणीही घालून दिल्या असत्या. पण ती म्हणायची, "सोन्याला आवाज नाय. निलेशच्या लग्नात मना काचेचा चुडा भरायचा हाय." निलेश माझा मुलगा. तेव्हा तो दहावीलाही नव्हता.

आता बघा नशीब. संधिवाताच्या सांध्यात जी हाक सारखी घुमत असते, ती हीच, इंटरल्युकिन-सहा. मी रोज जिचा कान बनवत होते तीच. हे मला कळलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून थोडा वेळ बाहेर जाऊन बसले.

आईला कुठून तरी अर्धंमुर्धं समजलं. एक दिवस म्हणाली, "कुंदे, तू बनवतंस तो कान माज्याच दुकन्याचा ना? मंग मना टोच की थोरा."

मी सरांना विचारलं. हसतील असं वाटलं होतं, ते हसले नाहीत. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. हा कान सुटा झाला म्हणजे बहिरा होत नाही. तो हाक पकडतो, आणि ज्या पेशींना ती मुळी ऐकूच येत नव्हती त्यांच्यापर्यंत नेऊन पोचवतो. म्हणजे गडबड वाढतेच. आजारी सांध्यातल्या पाण्यात असे सुटे कान आधीच तरंगत असतात. आईला आमची कुपी टोचली असती तर तिची बोटं आणखी सुजली असती.

मी गावी जाऊन सांगितलं, "आई, तुझ्या बोटांत तो कान आधीच जास्त झालाय."

तिने माझ्याकडे बघितलं. "मंग तुमी आजून कशाला बनवतां?"

इतक्या वर्षांत आमच्या कामावर याहून चांगला प्रश्न मी ऐकला नाही. उत्तर असं होतं की त्या कानात बसणारं बूच, म्हणजे औषध, बनवायचं झालं तर बाटलीचं तोंड हातात लागतं. बूच घट्ट बसतं की नाही हे औषधाच्या प्रत्येक घाण्याला, म्हणजे प्रत्येक खेपेला, तपासावं लागतं, आणि त्यासाठी औषधवाले आमचा कान घेत. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मंग जरा बेगी बेगी बनवा."

तिचं ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं. औषधवाल्यांची मागणी आली की मी रजा टाकायची नाही, सण असला तरी पेशींना खाऊ घालायला जायची. आणि नेमकी अशाच एका मोठ्या मागणीच्या वेळी खंडेनवमी आली.

आमचे एसी आणि यंत्रं सांभाळणारे गजानन मामा भाविक माणूस. दरवर्षी ते यंत्रांची पूजा करायचे, पण बाहेरच्या. त्या वर्षी त्यांना वाटलं, सगळं उत्पन्न देतंय ते आतलं कपाट, ज्यात पेशी वाढतात, आणि त्यालाच फूल नाही, हे बरं दिसत नाही. मी जेवायला गेले होते. मामांनी आत जाऊन कपाटाला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि देवाचा वास आतही जावा म्हणून दार जरासं किलकिलं करून उदबत्ती ओवाळली. दसऱ्याचं सोनं लुटून परत आलो तर रश्श्यात पांढरी बुरशी कापसासारखी पसरलेली. सगळा घाणा ओतून द्यावा लागला.

मी मामांवर अशी कडाडले की सर आपल्या खोलीतून बाहेर आले. मामा मान खाली घालून उभे. "ताई, मी म्हटलं, चांगलं पिकू दे," एवढंच ते म्हणाले. आई दसऱ्याला आमच्याकडे आली होती, घरी येऊन तिच्याजवळ मी रडले. ती वाकडी बोटं माझ्या पाठीवरून फिरवत म्हणाली, "देवाला फूल वायलं, त्यात त्याची काय चूक? तुज्या पेशींना झेंडू सोसत नाय, ते त्याला कुनी सांगितलं व्हतं?" दुसऱ्या दिवशी मी मामांना चहा नेऊन दिला. तेव्हापासून झेंडू बाहेरच्या दाराला, आणि मामा काचेतून आत नमस्कार करायचे. आम्ही नवीन घाणा लावला.

काही वर्षांनी आईच्या डॉक्टरांनी तिला तेच बूच सुरू केलं. आमच्या कुपीमुळे ते मिळालं म्हणाल तर ती शुद्ध थाप होईल. ते कुणी बनवलं, त्यांनी कुणाचा कान वापरला, मला माहीत नाही. पण नर्सने सुई टोचली तेव्हा मी आईचा दुसरा हात धरून बसले होते आणि माझ्या मनात काय चाललं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही.

आईची सूज उतरली. सकाळी ती स्वतः तांब्या उचलायला लागली. एकदा फोनवर म्हणाली, "दुकत नाय गो." मला वाटलं, आता चुडा चढणार.

निलेशचं लग्न ठरलं तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. हळदीच्या आदल्या दिवशी आमच्या पनवेलच्या घरी हॉलमध्ये चटई टाकून हसीनाबी बसली. आता तिचेही केस पांढरे. पहिला मान आईचा. आईने पदर खोचला आणि हात पुढे केला.

हसीनाबीने साबण लावला. हात चेपला, ओढला. सगळ्यात मोठ्या मापाची बांगडी घेतली. ती गाठींपर्यंत गेली आणि अडली.

"मावशी, हात ढिला सोडा. दुखतंय का?"

"नाय दुकत."

"मग मुडपत का नाही?"

आईने आपल्या हाताकडे बघितलं. "इसरलाय तो," ती म्हणाली.

सूज उतरते, दुखणं जातं, पण वर्षानुवर्षं वाकडी होत गेलेली घडी कुठलंही औषध सरळ करत नाही. मला हे ठाऊक होतं. ज्या बाईने उभा जन्म घड्यांवर काढला तिला हे ठाऊक नसेल का? तरी मी आशा धरली होती. हसीनाबीने हाताला प्लास्टिकची पिशवी घालून पाहिली, दुसरा हात पाहिला. एक बांगडी तिथेच वाढली. बाबा दारात येऊन उभे राहिले होते, ते तसेच मागे फिरले.

"राव दे," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कुंदे, तुज्या कंपनीनं तुजं हात सोरलं ना आता?"

"हो."

"मंग इथं बस. हसीना, माजा चुडा हिच्या हातांत भर."

एका हातात माझा चुडा भरला, दुसऱ्या हातात आईचा. इतक्या वर्षांनी काच मनगटाला लागली तर गार वाटलं. भरून झाल्यावर आईने आपल्या गाठाळ बोटांनी माझा हात धरून हलवला आणि डोळे मिटून आवाज ऐकला. पुढचे सगळे दिवस ती मला चिकटून बसली. धवलारीण लग्नाची गाणी गात होती, डीजे दणदणत होता, त्यातही मध्येच ती माझा हात ओढून हलवायची.

पुढच्या माघात आई गेली. झोपेतच गेली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी हिरव्या बांगड्या आणल्या, पण हात तोच. शेवटी त्यांनी त्या तिच्या हातांवर नुसत्या ठेवल्या. मला ते बघवेना. मी माझ्या हातातला तिचा चुडा उतरवायला लागले तर बाबा म्हणाले, "नको. तिनं तुज्या हातांत भरलाय." मी चुडा तसाच हातात राहू दिला.

मला आई हवी आहे. साठीला आलेल्या बाईने असं लिहावं का, ठाऊक नाही, पण दुसरं काही सुचत नाही. भाजी चिरताना बांगड्या वाजतात आणि वाटतं, आता कुणीतरी हात ओढील. आणि तेवढीच ओढ मला प्रयोगशाळेचीही लागते. तो रश्श्याचा गोडसर वास, कपाटाची घरघर, पेशी तळाला नीट धरल्यात हे बघितल्यावर पोटात पडणारा थंडावा. घरात बसून ते मिळत नाही. जाऊबाई म्हणतात, "सुटलीस एकदाची." मी हो म्हणते.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. मी कितीतरी वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेल्या पेशींची एक कुपी त्यांनी वितळवली होती आणि त्या पुन्हा जगल्या होत्या. "कुंदाताई, तुमच्या हातच्या आहेत. येऊन बघून जा." मी रिक्षा करून तशीच गेले. गजानन मामा आता नाहीत, पण बाहेरच्या दाराला वाळलेली झेंडूची माळ होती. कपडे बदलायच्या खोलीत नव्या मुलीने मला डगला दिला, डोक्याची टोपी दिली, आणि जरा घुटमळत म्हणाली, "मॅडम, बांगड्या..."

"हो गं, मीच शिकवलंय ते," मी म्हटलं.

मी उजवा हात मुडपला, अंगठा तळव्यात घेतला. आईची पहिली बांगडी सहज गाठींपर्यंत आली. अजून जरासा जोर लावला असता तर सुळकन आली असती. माझा हात काही विसरला नव्हता.

मी ती परत वर सरकवली. डगला घडी करून मुलीच्या हातात दिला आणि म्हटलं, "तू जा आत. मी इथून बघते."

ती आत गेली. मी काचेशी उभी राहिले, जिथे मामा नमस्काराला उभे राहायचे तिथे. तिने कपाटातून बाटली काढली, उजेडात धरली, मी दाखवायची तशी जराशी कलती केली आणि मला दिसेल अशी वर उचलली. रस्सा स्वच्छ होता, तळाला पेशींचा सारखा पातळ थर. छान धरल्या होत्या. छान आहे, हे सांगायला मी हात वर करून हलवला. बांगड्या वाजल्या. आत ते कुणाला ऐकू गेलं नसेल.